खोटं जर्मनमध्ये, गाणं फ्रेंचमध्ये

बाईंचं खोटं ऐकायला लोक तिकीट काढून येत. गाणं ऐकायलाही येत, नाही असं नाही. पण गाणी फ्रेंचमध्ये असत आणि कार्ल्सरूहेच्या त्या प्रेक्षकांतल्या बहुतेकांचं फ्रेंच 'बोंज्वार'ला सुरू होऊन 'मेर्सी'ला संपत असे. म्हणून प्रत्येक गाण्याआधी बाई अ‍ॅकॉर्डियन मांडीवर टेकवायच्या आणि या गाण्यात काय आहे ते जर्मनमध्ये सांगायच्या. दर खेपेला वेगळं सांगायच्या.

त्यांचं एक संथ गाणं होतं. शेवटाकडे आवाज उतरत उतरत एका जागी थांबे, मग मोठा श्वास, आणि मग एकच शब्द, अगदी हलका, कुणाला झोपेतून उठवावं तसा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते एका बेकरीवाल्याचं गाणं होतं. बायको सोडून गेल्यापासून त्याचा पाव फुगत नव्हता. पुढच्या महिन्यात ते ट्रामच्या थांब्यावर मालकाची वाट बघणाऱ्या कुत्र्याचं झालं. तिसऱ्या खेपेला ते चक्क एका हरवलेल्या छत्रीचं निघालं. लोक तिन्ही वेळा रडले. छत्रीला जरा जास्तच.

गिअरबॉक्स नेमका कुठे कुरकुरतो ते शोधून काढणं ही माझी नोकरी. त्यामुळे एकाच गाण्यात कुत्रा आणि छत्री कशी काय मावते, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी बाईंना जिन्यात गाठून विचारलं.

"आल्झो, हेर इंजिनिअर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला रडू आलं की नाही? आलं ना? मग छत्रीच्या काड्या कशाला मोजताय?"

बाई आमच्या घरमालकीण. दोन हजार बारा-तेराच्या सुमारास आम्ही घर शोधत होतो. इतर मालकांना पगाराच्या स्लिपा लागायच्या, आधीच्या मालकाची शिफारस लागायची, एकाला तर आमच्या फोडणीचा वास किती वेळ राहतो हेही हवं होतं. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला फ्रेंच येतं?" माझी बायको पुण्याची, मार्क मिळतात म्हणून तिने अकरावीला फ्रेंच घेतलेलं. "कधीकाळी शिकले होते, पण..." असं ती म्हणेपर्यंत बाईंचा चेहरा पडला. त्यांनी फ्रेंचमध्ये दोन वाक्यं धडाधड फेकली. बायको नुसती बघत राहिली. "फोआला!" म्हणत बाईंनी किल्ली तिच्या हातात ठेवली. घर हातचं गेलं म्हणून आम्ही खजील होऊन उभे होतो, आणि किल्ली तर हातात! फ्रेंच न येणं हीच तिथली पात्रता होती हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तेव्हा त्यांची साठी उलटली असावी. उंची बेताची, केस लालभडक, आवाज घोगरा. आठवड्याची जिना पुसायची पाळी, म्हणजे केअरवोखं, आली की स्टेजवरचे चंदेरी बूट घालून जिना पुसायच्या. मी हसलो तर म्हणाल्या, "प्रेक्षक वरून केव्हाही उतरू शकतो." रियाज तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत, तोही मशीन जोरात गरगरायला लागलं की. मशीन थांबलं की बाई गप्प. सुरुवातीला आम्ही मशीनच बिघडलंय असं समजून चालत होतो. पोळीवर त्यांचा फार जीव. तूप-साखर लावून गुंडाळलेली पोळी त्या कॉफीत बुडवून खायच्या, आणि त्यांच्या गावी सकाळी सगळे पाव असाच बुडवतात असं सांगायच्या. हे मात्र खरं होतं. मी नंतर चौकशी केली.

गाव बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं, खाणी बंद पडलेलं. तिथून जर्मनीत कशा आल्या याच्या आवृत्त्या निघतच असत. एकदा ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एका उंच माणसामागे आल्या होत्या. एकदा झोपेत चुकीच्या गाडीत बसल्या होत्या. खरी गोष्ट एवढीच की एका फिरत्या नाटकमंडळीबरोबर तीन आठवड्यांसाठी आल्या आणि मंडळी परत गेली तरी राहिल्या. पुढची तीसेक वर्षं त्यांनी छोट्या रंगमंचांवर, चर्चच्या हॉलमध्ये, द्राक्षमळ्यांतल्या वाइनच्या जत्रांमध्ये आणि, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, एका गुरांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला गाऊन काढली. गाणी स्वतः लिहायच्या, चाली स्वतः लावायच्या, झगे स्वतः शिवायच्या, आणि अ‍ॅकॉर्डियन चाकांच्या भाजीच्या पिशवीत घालून ट्रामने कार्यक्रमाला जायच्या.

माझं त्यांच्या नाटकघरात जाणं सुरू झालं ते दिव्यांमुळे. ते नाटकघर म्हणजे एकेकाळचं खाटकाचं दुकान. भिंतींना पांढऱ्या टाइल्स, छताला मांस टांगायचे हुक अजून तसेच, आणि खाली चाळीसेक खुर्च्या. एकदा तिथला दिवे मंद करायचा खटका अडकला, बाईंनी वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर बोलावला, आणि मग दर कार्यक्रमाला दिवे माझ्याकडेच आले. तिथे मागच्या कोपऱ्यात बसून मला बाईंच्या धंद्यातल्या काही गोष्टी खटकायला लागल्या.

एक म्हणजे, कार्यक्रमाआधी बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाला 'बोंज्वार' म्हणायच्या. मला वाटायचं, अगत्य. पण कुणी फार झोकात फ्रेंच उत्तर दिलं की बाई कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. एकदा सीमेपलीकडून, आल्सासमधून, एक म्हातारं जोडपं आलं. त्यांच्याशी दारात दोन शब्द झाले आणि त्या रात्री बाईंनी एकही गाणं शब्दांत म्हटलं नाही. दीड तास नुसतं ला-ला-ला आणि अ‍ॅकॉर्डियन. घसा बसलाय म्हणाल्या. निवेदनं मात्र नेहमीपेक्षा लांबलचक केली, चांगल्या ठणठणीत घशाने.

दुसरं, सीमेपलीकडचं स्ट्रासबुर्ग आमच्यापासून तासाभरावर. तिथे फ्रेंच समजणाऱ्या श्रोत्यांना काय तोटा? बाई तिथे चीज आणायला जायच्या, गायला कधीच नाही. पूर्वी बाडेन-बाडेनला फ्रेंच सैनिकांचा मोठा तळ होता. आयते प्रेक्षक, बिदागी चांगली. तिथलंही बोलावणं त्यांनी दर वेळी परतवलेलं. रेकॉर्ड का नाही काढली, असं मी एकदा विचारलं. "रेकॉर्ड कुणाच्याही घरात शिरते," त्या म्हणाल्या. मी बायकोला म्हणालो, काहीतरी आहे. ती म्हणाली, "अरे, तुला प्रत्येक बाईत गिअरबॉक्स दिसतो."

मग एका उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. सांगलीकडचे, संगीत नाटकांवर वाढलेले, निवृत्तीनंतर गाण्याच्या एकाही बैठकीला न चुकलेले. मी त्यांना बाईंच्या कार्यक्रमाला घेऊन गेलो. बाबा शुद्ध शाकाहारी, बसल्या बसल्या छताकडे बघत म्हणाले, "जावईबापू, हे हुक कशाला?"

"कोट अडकवायला, बाबा."

"इतक्या उंच?"

तेवढ्यात गाणं सुरू झालं म्हणून मी वाचलो.

जर्मन प्रेक्षक गाणं चालू असताना खोकतसुद्धा नाही. खोकला साठवून ठेवतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये उरकून घेतो. टाळ्या शेवटी, एकदम, भरपूर. बाईंची सगळी कारकीर्द त्या शांततेत गेलेली. त्या दिवशी ते संथ गाणं आलं (पुन्हा छत्री, छत्री इतकी चालली होती की पोस्टरवरही छत्रीच होती), आवाज उतरत त्या जागी आला, बाईंनी श्वास घेतला, आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "वाऽऽ! क्या बात है!"

अख्खं दुकान मागे वळलं. मी दिव्यांच्या पेटीखाली घुसायच्या बेतात होतो. बाबा निवांत. स्टेजवर बाई थांबल्या होत्या. तो शेवटचा शब्द त्यांनी म्हटलाच नाही. कसंबसं दोन सुरांत गाणं मिटवलं.

कार्यक्रम संपल्याबरोबर बाई अ‍ॅकॉर्डियन न उतरवता आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. "यांना फ्रेंच येतं? काय कळलं यांना? विचारा!"

मी विचारलं. बाबा म्हणाले, "कळलं डोंबल! भाषा कुठली तेसुद्धा मला माहीत नाही. पण बाईंचा आवाज तिथे फुटणार होता. त्यांनी फुटू दिला नाही. त्याला वा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? आणि दाद पोटात ठेवून माणसाने बाधवून का घ्यायची?"

डोंबल वगळून मी सगळं जर्मनमध्ये सांगितलं. बाई शेजारच्या खुर्चीत बसल्या. अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे नुसत्या ओढत होत्या. मग म्हणाल्या, "त्या जागी माझ्या बहिणीचं लाडाचं नाव येतं."

मग सगळं निघालं. बहीण थोरली. दोघी तरुणपणी गावातल्या कॅफेंमध्ये, जत्रांमध्ये जोडीने गात. थोरलीचा आवाज बाईंपेक्षा चांगला होता. हे सांगताना बाईंनी आवृत्ती बदलली नाही. पुढे आईने अंथरूण धरलं. तेव्हाच नाटकमंडळीचं बोलावणं आलं, एकीलाच. "तीन आठवड्यांत येते, मग तू गा, मी आईला बघेन," असं बहिणीला सांगून बाई निघाल्या त्या निघाल्याच. बहिणीचं गाणं तिथेच थांबलं. दर रविवारी फोन होई. आईची औषधं, हवापाणी, शेजारणीचं मांजर. त्या तीन आठवड्यांचा विषय कधीच निघाला नाही.

"तिची माफी मागायला मी हे गाणं लिहिलं," बाई म्हणाल्या, "आणि जिथे एकालाही कळणार नाही तिथे तीस वर्षं म्हणत राहिले."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर कोडं सुटल्याचा आनंदही झाला, दोन्ही एकदम. मी बाबांना मराठीत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग बहिणीला बोलवा की!" हे मी भाषांतर केलं नाही.

पण बहीण आपण होऊनच आली. त्यांची आई आदल्याच हिवाळ्यात वारली होती. आता रिकाम्या घरात थोरलीला करमेना. एका रविवारी फोनवर म्हणाली, "मी येतेय. इतकी वर्षं तू तिथे करतेस तरी काय, ते एकदा बघू दे." त्याच पावली बाई आमच्या दारात हजर, हातात भाजीची चाळणी तशीच, पाणी गळतंय.

"ती सगळं ऐकणार. सगळं कळणार तिला!"

"मग तेवढं गाणं म्हणू नका ना," बायकोने सुचवलं.

"नाही म्हटलं तर लोक 'छत्री, छत्री' म्हणून ओरडतात. पोस्टरवर छत्री आहे!" बाई माझ्याकडे वळल्या. "हेर इंजिनिअर, मी कानातल्याला हात लावला की तुम्ही दिवे घालवायचे. सगळे. मी म्हणेन, बिघाड झाला, गूटे नाख्ट, घरी जा."

"सगळे नाही जाणार. बाहेर पडायच्या दारावरचा हिरवा दिवा कायद्याने चालू ठेवावा लागतो."

"हिरवा चालेल. हिरव्यात कुणाचा चेहरा दिसत नाही."

बाबांना हा बेत मुळीच पसंत पडला नाही. "गाणाराच दिवे घालवायला सांगतोय, आणि तुम्ही हो म्हणालात?"

"बाबा, त्या घरमालकीण आहेत."

कार्यक्रमाला निघताना बायकोने त्यांना दम भरला. "बाबा, आज एक शब्दसुद्धा नाही हं. प्रॉमिस करा." बाबांनी तोंडात लवंग धरली आणि मान डोलावली.

थोरली पहिल्या रांगेत बसली होती. नाक अगदी बाईंचं. केस मात्र पांढरे आणि नीट विंचरलेले. कोट काढला नव्हता, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. जर्मन तिला अजिबात येत नव्हतं, त्यामुळे बाईंच्या निवेदनांवर सगळे हसले की ती दचकून आजूबाजूला बघायची. आणि गाण्यात जिथे सगळे गप्प असायचे तिथे ही एकटी हसायची. त्या दुकानात पहिल्यांदाच कुणीतरी बाईंची गाणी ऐकत होतं. प्रत्येक वेळी ती हसली की बाईंचा आवाज थोडा सुटत होता, हे मला मागे बसूनही कळत होतं.

मग लोकांनी छत्री मागितली. बाईंनी अ‍ॅकॉर्डियन मांडीवर टेकवलं. "हे गाणं..." म्हणाल्या आणि थांबल्या. गोष्ट कधी कमी न पडलेल्या त्या बाईला गोष्ट सुचत नव्हती. त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. त्यांचा हात कानातल्याकडे गेला.

मी दिवे घालवले.

थोडी कुजबुज झाली. दारावरचा हिरवा दिवा तेवढा जळत होता. मी 'गूटे नाख्ट'ची वाट बघत होतो. त्याऐवजी काळोखात अ‍ॅकॉर्डियनने हवा भरून घेतली आणि बाई गायला लागल्या. तेच गाणं. निवेदन नाही, छत्री नाही. अंधारात ते इतकं वेगळं लागत होतं की मला भीती वाटली. आवाज उतरत त्या जागी आला, श्वास आला, आणि बाईंनी ते नाव घेतलं. शेजारी बाबांनी लवंग कडकन चावली, पण शब्द पाळला.

मग बाई बोलल्या असं मला वाटलं. पण आवाज स्टेजवरून आला नव्हता, पहिल्या रांगेतून आला होता. तोच घोगरा आवाज. फ्रेंचमध्ये एकच छोटं वाक्य. त्यावर बाई काहीतरी म्हणाल्या. त्यावर पहिल्या रांगेतून बरंच लांबलचक. मग दोघी एकदम. मग कोण कुठली तेही कळेना, इतके ते आवाज सारखे. चाळीस जर्मन श्वास रोखून बसले होते, माझ्या पुढचा एक जण बायकोच्या कानात "वुंडरबार!" म्हणाला. आणि मग एक हसली. मग दुसरी हसली. हसूही तेच.

"लिश्ट, बिटे, हेर इंजिनिअर!"

मी दिवे लावले. थोरली स्टेजच्या कडेला उभी होती. तिने पर्समधून रुमाल काढला, आधी बाईंचं नाक पुसलं, पोराबाळांचं पुसतात तसं खसाखसा, आणि मग स्वतःचं. लोकांनी ठेक्यात टाळ्या धरल्या. त्या टाळ्यांच्या वरून, आता आपली शपथ सुटली असं स्वतःच ठरवून, बाबा उभे राहून गरजले, "वन्स मोअर!"

बाईंनी ते गाणं पुन्हा म्हटलं, भर उजेडात, बहिणीला शेजारी खुर्चीवर बसवून. त्या जागी बाबांनी मनमोकळी "वा!" दिली. यावेळी कुणी वळून बघितलं नाही. उलट मागून कुठूनतरी एक जर्मन "वा"सुद्धा आली, जरा भीत भीत.

एका स्थानिक वर्तमानपत्राने लिहिलं की अंधारातला संवाद ही बाईंची नवी कल्पना अत्यंत तालबद्ध बसवलेली होती. दोन दिवसांसाठी आलेली थोरली महिनाभर राहिली. आपली पाळी नसताना जिना धुवायची, आणि धुताना गायची, मशीनबिशीन चालू नसताना. बाई खरंच खोटं सांगत नव्हत्या. तिचा आवाज जास्त चांगला होता. दोघी स्वयंपाकघरात कडाकडा भांडायच्या आणि ते ऐकून आम्हाला बरं वाटायचं. पुढच्या वर्षी बाई पहिल्यांदा ऱ्हाइन ओलांडून पलीकडे फ्रान्सात गायला गेल्या, जिथे बोंज्वारला सगळेच नीट उत्तर देतात. इकडे मात्र बेकरीवाला आणि कुत्रा इतर गाण्यांत सुखाने नांदत राहिले. फक्त त्या एका गाण्याआधी बाई म्हणायच्या, "हे माझ्या बहिणीचं आहे," आणि सुरू करायच्या. काही जुन्या प्रेक्षकांना छत्री गेल्याचं वाईट वाटलं.

माझी चुळबूळ मात्र संपली नव्हती. त्या अंधारात थोरली पहिलं वाक्य काय म्हणाली? मी बाईंना दुसऱ्याच दिवशी विचारलं. म्हणाल्या, "ती म्हणाली, तू अजूनही बेसूर गातेस." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. "ती म्हणाली, मी घरी गॅस चालू ठेवून आलेय." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "ती म्हणाली, ती छत्री माझी होती."

बाबा भारतात परत जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाई निरोप घ्यायला वर आल्या. बायकोने पोळ्या केल्या होत्या. बाई बाबांच्या शेजारी बसल्या, पोळी बाजूला ठेवली, त्यांचा हात हातात घेतला आणि बोलायला लागल्या. जर्मनमध्ये नाही, फ्रेंचमध्ये. म्हणजे मीही भाषांतर करू शकत नव्हतो. पुष्कळ वेळ, हळूहळू, मधे मधे थांबत. एकदा ते नाव मला ओळखू आलं. बाबा मान डोलावत "हं... हं... अगदी" म्हणत होते. शेवटी बाईंनी डोळे पुसले, त्यांच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले, बाबा कानापर्यंत लाल झाले, आणि बाई चंदेरी बूट वाजवत जिना उतरून गेल्या.

मी झडपच घातली. "बाबा, काय म्हणाल्या त्या?"

बाबांनी पोळीचा तुकडा चहात बुडवला.

"मला काय कळणार, जावईबापू? पण या खेपेला खरं सांगत होत्या."